ह्येला काय हुत न्हाई

नव्यानं सिरॅमिक कोटिंगचा पारदर्शक थर दिलेल्या गाडीच्या काळ्याभोर बॉनेटवर पाण्याची धार सोडावी, आणि त्या पाण्यानं पसरायचं सोडून टपोऱ्या मण्यांत फुटावं, एकमेकांना ढकलत उतारानं धावत सुटावं! हे दृश्य मी दिवसातून एकदा तरी पाहतो, आणि खरं सांगू का तुम्हाला, अजूनही हात क्षणभर थांबतो. कुपवाडच्या आमच्या गल्लीत सगळीकडे लेथचा खडखडाट, कापल्या लोखंडाचा करपट वास, शिफ्ट सुटली की दुचाक्यांची रीघ. आणि त्या कळकट पसाऱ्यात ही एक निष्कलंक, नितळ काळिमा, जिच्यावर थेंबालाही थारा नाही. गिऱ्हाईक ते पाहतं, हरखतं, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात एक गैरसमज जन्माला येतो. मला तो त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो, आणि दिसला की मी दमतो.

मी मूळचा मास्तर. तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. तासिका संपल्या, तत्त्व तेवढं उरलं. मग कोटिंगचं गॅरेज काढताना रफिकभाईंनी हाक मारली. पत्रा ठोकण्यात आणि रंगकामात त्यांची उभी हयात गेलेली. हात त्यांचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं तोंड माझं, अशी आमची वाटणी. शिकवणं काही सुटलं नाही. फरक इतकाच, की शाळेतली मुलं वर्षाअखेरीस निदान पुढच्या वर्गात जातात. इथे वर्ग रोज नवा आणि धडा रोज तोच.

‘सिरॅमिक’ शब्द ऐकला की कुणाला लोणच्याची चिनी मातीची बरणी आठवते, कुणाला न्हाणीघरातली फरशी. आता गाडीवर तसलंच काहीतरी टणक बसलं अशा समजुतीनं माणसं बॉनेटवर टकटक करून पाहतात. आष्ट्याच्या एका बागायतदारानं तर माझ्यादेखत खिशातली किल्ली काढून दारावर ओढली आणि उमटलेला ओरखडा मलाच दाखवून विचारलं, “आवं, मग ह्यो कसा पडला?” हंगामात उसाच्या ट्रॉलीला घासलेल्या गाड्या येतात, आणि मालक सांगतात, “वरनं ह्यो काचंचा थर मारा, म्हंजे दिसायचं न्हाई.” कोटिंग जुना चरा झाकत नाही; तो आधी घासून काढला नाही, तर त्याला चकाकीसकट आत कोंडून ठेवतं. ते दगड अडवत नाही. धुण्याची कटकट कमी करतं, संपवत नाही. आणि जन्मभर तर मुळीच टिकत नाही. ही वाक्यं मी इतक्यांदा उच्चारली आहेत, की पॉलिश करता करता रफिकभाईही ती माझ्याबरोबर पुटपुटतात.

पण ऐकतं कोण? आणि माणसांना तरी दोष कसा द्यावा? आपल्या जिवलग वस्तूवर एकदाच काहीतरी चढवावं आणि मग तिच्या काळजीतून कायमचं मोकळं व्हावं, ही वासना काय आजची आहे? दसऱ्याला याच बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, चाकापुढे नारळ फोडतो, आरशाला लिंबू-मिरची बांधतो, तेव्हा आपण दुसरं काय मागत असतो! मला कंटाळा येतो तो माणसांचा नव्हे; त्यांच्या डोळ्यांतल्या त्या आशेवर रोज सकाळी पाणी ओतण्याचा येतो.

दत्तू अण्णा आले ते अशाच एका कंटाळलेल्या दुपारी, गणपतीच्या आधी. कवठे महांकाळकडचे द्राक्षवाले. आयुष्यभर ट्रॅक्टर हाकलेला माणूस, त्यामुळे ती काळी गाडीही त्यांनी कवठ्यापासून ट्रॅक्टरच्याच चालीनं आणलेली. गाडी त्यांची नव्हे, मुलाची. मुलगा फौजेत. मागच्या सुट्टीत त्यानं ती हौसेनं घेतली, चार दिवस फिरवली, आणि “अण्णा, जपा हं” एवढं सांगून पुन्हा बर्फात रुजू झाला. कोटिंग झालं. मी बॉनेटवर पाणी सोडलं, मणी धावले, आणि अण्णांचा सुरकुतलेला चेहरा लहान मुलासारखा उजळला. त्यांनी विचारलं, “सर, म्हंजे आता ह्येला काय हुत न्हाई?”

सकाळपासून पाच जणांना मी तोच धडा दिला होता. घसा सुकला होता, डोकं ठणकत होतं. मी मान डोलावली आणि म्हणालो, “नाही अण्णा, काही होत नाही.” एवढंच. तीन-चार शब्दांचं खोटं, तेही कुणाला फसवायला नव्हे, नुसतं गप्प बसायला मिळावं म्हणून. पण मला सगळे ‘सर’ म्हणतात हे मी त्या क्षणी विसरलो. गिऱ्हाईक दुकानदाराचं बोलणं अर्धं सोडून देतं. सरांचं बोलणं मात्र ते घरी घेऊन जातं.

दिवाळीच्या तोंडावर अण्णा पुन्हा आले. गाडीतून उतरले, आणि बॉनेटजवळ जाऊन उभे राहिले. काळ्या रंगावर निळसर पांढरे ठिपके, शेकड्यांनी. कुणी चुन्याची बोटं झाडावी तसे. मी नखानं खरवडून पाहिलं, निघेनात. विचारत गेलो तसा उलगडा झाला. छाटणीनंतरचे दिवस, बागेत फवारणी चालू. मोरचूद आणि चुना कालवून द्राक्षावर मारतात, तोच पंप, तीच नळी. अण्णांनी टाकी विसळली, तिच्यात बोरचं जड पाणी भरलं, आणि बागेवर मारावं तसं भर उन्हात गाडीवर मारलं. रोज मारलं. फडक्यानं पुसलं नाही, कारण पाणी आपसूक पळतं हे त्यांनी इथेच पाहिलं होतं. न पळालेले थेंब उन्हात जागीच वाळले आणि कोटिंग खात आत उतरले.

“तुमीच म्हणाला न्हवं, काय हुत न्हाई?” अण्णा म्हणाले. स्वरात राग नव्हता. राग असता तर मी सुटलो असतो!

मग खुर्चीवर टेकून, माझ्याकडे न पाहता, ते सांगू लागले. “प्वार गेलं त्या दिसापास्नं गाडी रोज बघतुया सर. ती झळकतीया म्हंजे त्यो तितं बरा हाय, असं आपलं मनाला लागून ऱ्हायलंय. येडेपणा हाय, मला कळतंय. पर तुमी म्हणाला काय हुत न्हाई, तवा लय निवांत झोपलो बगा. आन् आता ह्ये डाग पडलं, आन् आठ दिस झालं, त्येचा फोन न्हाई.”

ते वाक्य मी गाडीविषयी बोललो होतो. अण्णांनी ते मुलासाठी घेतलं होतं. माझ्या कंटाळ्याचं मोल एक बाप आठ दिवस चुकवत होता. बर्फात रेंज नसते, असं होतच असतं, हे मी म्हणालो. पण ज्या तोंडानं ‘काही होत नाही’ म्हटलं, त्याच तोंडाच्या दुसऱ्या दिलाशाला काय किंमत उरणार? लाज वाटली. उघड सांगतो, त्या दिवशी मला माझी मनापासून लाज वाटली.

“अण्णा,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी दमलो होतो. खोटं बोललो. याला सगळं होतं.”

तेवढ्यात रफिकभाई हात पुसत पुढे आले आणि अण्णांच्या शेजारी उकिडवे बसले. मला वर्षानुवर्षं जे नीट सांगता आलं नाही, ते त्यांनी दोन-तीन वाक्यांत सांगितलं. “अण्णा, तुमच्या द्राक्षाच्या मण्यावर पांढरी लव असती का न्हाई? पाणी तिच्यावरनं पळतंय, पर बोट लागलं का ती जाती. तसंच हाय ह्ये, त्येच्यापरीस जास्त काय न्हाई.” अण्णांनी हळूच मान हलवली. मण्याला बोट लावू नये म्हणून मजुरांवर ओरडण्यात ज्याची हयात गेली, त्याला यापुढे काय शिकवायचं! मी आपला इतकी वर्षं काच आणि बरणी यांतच अडकलो होतो.

दोन दिवस रफिकभाईंनी मशीन चालवलं. जुनं कोटिंग उतरवलं, ठिपके एकेक करून मावळले, आणि अण्णा दोन्ही दिवस सकाळच्या एसटीनं येऊन खुर्चीवर बसून राहिले. फोन मांडीवर पालथा. शेवटी बॉनेटच्या डाव्या कडेला, दिव्याच्या वर, एक डाग उरला. डाळीच्या दाण्याएवढा. आणखी घासलं असतं तर रंगच गेला असता. हे सांगायचं काम अर्थात माझं. “हा निघणार नाही,” मी म्हणालो. या वेळी मऊ करून सांगितलं नाही.

अण्णांनी त्यावर बोट ठेवलं. रफिकभाई मशीन बंद करून म्हणाले, “अण्णा, ह्यो डाग गाडीला हाय. पोराला न्हाई.” नवं कोटिंग वाळल्यावर गाडी घेऊन त्याच ट्रॅक्टरच्या चालीनं अण्णा गेले. फोन तोवर आलेला नव्हता. पुढचे कित्येक दिवस मी कवठ्याला फोन लावायला हात उचलायचो आणि खाली ठेवायचो. विचारणार काय? आणि उत्तर नको ते आलं, तर?

द्राक्षं उतरायच्या दिवसांत एका सकाळी ती काळी गाडी भरधाव गल्लीत शिरली, तेव्हाच मला कळलं की ती अण्णा चालवत नाहीत. काचांपर्यंत चिखल, दारावर बाभळीच्या काट्यांच्या रेघा, बॉनेटवर कुत्र्याचे पाय. मुलगा उतरला, उन्हानं रापलेला, धडधाकट. अण्णा दुसऱ्या बाजूनं द्राक्षांची पेटी छातीशी धरून उतरले आणि हसत म्हणाले, “चार दिसात काय केलंय बगा ह्येनं गाडीचं!” इतक्या आनंदानं केलेली तक्रार मी आजवर ऐकलेली नाही. फोन दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आला होता. मला कळवायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

रफिकभाईंनी पेटीतला एक मणी देठानं उचलून उजेडात धरला आणि लव पुसू न देता तसाच तोंडात टाकला. मी गाडीवर पाणी सोडलं. चिखल वाहून गेला, काळा रंग वर आला. अण्णा शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. “सर, टिकंल किती ह्ये?”

“दोन-अडीच वर्षं,” मी म्हणालो.

त्यांनी बोटांवर मोजलं, मुलाकडे एकदा पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाले, “म्हंजे चार-पाच सुट्ट्या.”

त्या चेहऱ्यावर तीच जुनी आशा होती. मान डोलावणं किती सोपं होतं! मी दमलेलोही होतो. “नीट ठेवलं तर, अण्णा,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, खांद्यावरचं फडकं काढलं आणि बॉनेट पुसायला लागले. सगळीकडचं पाणी मणी होऊन पळून गेलं होतं. त्या डाळीएवढ्या डागावर तेवढं थोडं थांबलं होतं. तिथे त्यांनी फडकं जरा जास्त वेळ धरलं.