दादांच्या टाकीतला जावई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मटणाचं दुकान चालवणारे दादा दिवसभर सुरा चालवतात आणि संध्याकाळी घरी येऊन माशाच्या विनवण्या करतात. बैठकीच्या खोलीत, जिथे इतरांकडे टीव्ही असतो तिथे, खाऱ्या पाण्याची एक छोटी काचेची टाकी आहे. एका घावात नळीचं हाड फोडणारा हा धिप्पाड माणूस तिच्यापुढे गुडघे टेकून, कोळंबीचा तुकडा बोटांत धरून, "एकच घास, बाळा," म्हणत असतो.

ही गोष्ट घडली तेव्हा टाकीत दोघेच उरले होते. एक निळा, बोटाच्या पेराएवढा, पण अट्टल गुंड. त्याचं नाव फौजदार. आधीच्या सगळ्यांचा निकाल त्यानेच लावला होता. एकाची शेपटी कुरतडली, एकाचे कल्ले फाडले आणि एकाचा तर जिवंतपणी डोळा काढून खाल्ला, तोही पाहुणे चहा घेत असताना. दुसरा तांबडा, ठिपक्यांचा, रुंद तोंडाचा. दगडावर फुगून बसायचा आणि पुढ्यात आलेल्या घासावरून तोंड फिरवायचा. म्हणून तो जावई.

वहिनींनी निर्वाणीचं सांगून ठेवलं होतं. दुकानात काय कापायचं ते कापा, पण या घरातून आणखी एक मढं निघालं तर टाकी भंगारात जाईल. दादांनी मान डोलावली. मला मात्र खिमा तोलता तोलता म्हणाले, "माझ्या हाताखाली आलेलं एक तरी जगू दे की हो."

आणि जावई तर खंगत चाललेला. पोट खपाटीला गेलं होतं. फौजदार त्याच्या तोंडापुढचा घास पळवायचा आणि जाता जाता त्याच्याच पंखाचा लचका तोडायचा. दादांचं निदान वेगळंच होतं. सुऱ्याचा वास आला की बोकड पाला खायचं सोडतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. मासाही आपल्या हाताच्या वासाने धसकला असणार, असं म्हणून ते घरी आल्या आल्या गुलाबाच्या वासाच्या साबणाने कोपरापर्यंत हात घासायचे आणि मगच भरवायला बसायचे. साबणाचा हात पाण्यात घालू नका, असं टाकी विकणाऱ्याने बजावलं होतं. पण तो सल्ला, दादांच्या मते, कपडे विकणाऱ्यांसाठी होता, ज्यांच्या हाताला रक्ताचा वास नसतो.

एका दुपारी हाड तोडताना सत्तूर निसटला आणि दादांच्या अंगठ्याचं टोक ओंडक्यावरच राहिलं. फडकं गुंडाळून ते घरी आले. वहिनी म्हणत होत्या, आधी डॉक्टर. दादा म्हणत होते, आधी जावई, त्याच्या जेवणाची वेळ टळतेय. जखमेला झोंबेल म्हणून साबण राहिला. कोळंबी धरून हात टाकीत गेला, फडकं भिजलं आणि पाण्यात लाल धागा उलगडत गेला.

जावई दगडावरून सुटला तो बाणासारखा. कोळंबी हिसकावली, झटके देऊन फाडली, गिळली. दुसरी दादांच्या बोटासकट ओढली. भिणं कसलं, तो तर धंद्यातलाच निघाला. त्याला नको होता तो गुलाबाचा वास.

एवढ्यात फौजदार नेहमीप्रमाणे घास लुटायला धावला. जावयाने तोंड उघडलं आणि फौजदार अर्धा आत गेला. निळी शेपटी बाहेर फडफडत राहिली. जावयाने ती दगडावर एकदा आपटली, पुन्हा आपटली. मग शेपटीही दिसेना.

दादा पांढरेफटक पडले, काही रक्त गेल्यामुळे आणि बरंचसं वहिनी मागे उभ्या होत्या म्हणून. त्यांनी स्वतःच गुन्हा कबूल केला. आणखी एक मेला, म्हणाले, उद्या टाकी भंगारवाल्याला देतो.

वहिनींनी पदराने काच पुसली आणि वाकून आत बराच वेळ पाहिलं; बाहेर काढायला मढं काही दिसेना. मग त्यांनी नवऱ्याचा रक्ताळलेला हात मनगटाशी घट्ट आवळून धरला.

"पोट भरलं का त्याचं?" त्यांनी विचारलं. "नाहीतर फ्रिजमध्ये अजून कोळंबी आहे."