धनेशच्या मागावर

काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या, मधे मधे खिदळलेलं मला चालणार नाही. एका भल्या माणसाचा संसार मी जवळजवळ मोडून आले आहे. होय, मीच! नववीला भूगोल शिकवणारी, सोसायटीच्या मीटिंगला पाण्याच्या टाकीवरून भांडणारी मी. आणि तेही कशापायी? एका पक्ष्याच्या फोटोपायी!

पक्ष्याचं नाव धनेश. तुम्ही बघितला नसेल तर सांगते. घारीएवढा, राखाडी रंगाचा, चोच ही एवढी लांब, आणि चोचीवर आणखी एक शिंगासारखं काहीतरी. याची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःला आत कोंडून घेते. मग नर बिचारा दिवसभर बाहेरून खाणं आणून फटीतून तिला भरवतो. आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर झाडून सगळ्यांकडे धनेशचा फोटो आहे. माझ्याकडे नाही. कालपरवा ग्रुपवर आलेल्या पोरीकडेसुद्धा आहे!

तर मी पेटले. ग्रुपवरच्या राणेंनी सांगितलं, "मॅडम, नावड्याच्या पुढे आत वळा, डोंगराच्या कडेने दोन-चार गावं आहेत, तिथे हमखास. नाही दिसला तर गावात विचारा." त्या 'विचारा'नेच घात केला. पण ते पुढे.

मे महिना. रविवारी सकाळी सहाला वाशीहून गाडी काढली. हा माझा पाचवा रविवार बरं का! आधी कंपन्यांकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मागे तासभर धूर खाल्ला. मग मॅपवरची बाई मला घेऊन गेली ती थेट एका पोल्ट्रीच्या फाटकात. तिथून मागे, तर रस्ता खणलेला. दुसऱ्या बाजूने, तर रस्त्यात म्हशी. साडेनऊपर्यंत माझं वन्यजीवन काय, तर एका मुंगसाचं शेपूट आणि अकरा कावळे! गाडीतच मी मोठ्याने राणेंना काय काय बोलले, ते इथे नको.

शेवटी एका छोट्या पुलाच्या कठड्यावर एक म्हातारबाबा बसलेले दिसले. काच खाली केली.

"काका, इथे धनेश दिसतो का हो?"

"धनेश? दिसतो का म्हंजे? आत्ताच गेला की हितून!"

मी कॅमेराच उचलला. "कुठे गेला?"

"घरी. म्हावरा घेऊन."

"मासे? धनेश मासे खातो?"

"अवो, म्हावऱ्याबिगर घास गिलत नाय तो! पन आजचं मुडदुशे बायकोसाठी हाय."

आता बघा, इथे एखाद्या शहाण्या बाईला थांबावंसं वाटलं असतं. मी काय केलं? वही काढून लिहिलं, 'धनेश मासे खातो, नवीन निरीक्षण!' आणि पक्ष्याच्या मादीला बायको म्हणतात, किती गोड माणसं, म्हणून मनात कौतुकही केलं.

"मादी आत अडकलेली असेल ना हो?"

"मंग! सव्वा महिना बालंतीन कुठं भायेर पडते?"

"अगं बाई! पिल्लं झाली?"

"एकच. पोरगी."

ढोलीतल्या पिल्लाची पोरगी आहे हे या माणसाला पुलावर बसून कसं कळलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? नाही पडला! मला एवढंच दिसत होतं, की घरटं जवळ आहे आणि नर ये-जा करतोय.

"काका, मी खास त्याच्यासाठी वाशीहून आलेय. आज त्याला डोळे भरून बघितल्याशिवाय जाणार नाही."

म्हातारबाबांची बिडी तोंडाशी जाता जाता थांबली. "त्याला माहिती हाय, तुमी आल्यात ते?"

"छे! कळलं तर पळेल ना तो! म्हणून तर गाडी लांब लावते. मादी आत असते ना, तेव्हाच तो बाहेर एकटा सापडतो."

बाबांना ठसका लागला. कुठल्या रस्त्याने जाऊ विचारलं, तर त्यांनी भलतीकडेच हात केला आणि खिशातून फोन काढला.

त्या भलतीकडे मी अर्धा तास भटकले. उंबराच्या प्रत्येक झाडाखाली मान वर करून उभी. मान धरली, हात भरून आले, पाण्याची बाटली संपली. वैतागून परत फिरले, तर वळणावर एक बाई रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी. साठीची असेल. मी ब्रेक दाबला.

"वाशीची ती तूच का गो?"

मला काय वाटावं? वाटलं, बघा, फोटोग्राफर आल्याची बातमी गावभर झाली! छाती फुगवून म्हटलं, "हो, मीच!"

"धनेशच्या मागं हायस?"

"पाच रविवार झाले, मावशी!"

"पाच रविवार!" तिने कपाळावर हात मारला आणि 'तरीच दर रविवारी ओव्हरटाइम!' असं काहीतरी पुटपुटली. मी सुट्टीच्या दिवशी राबतेय, त्याचं बिचारीला वाईट वाटलं, असं मी समजले.

"आनी तुझा नवरा?"

"आहे की! त्यांना सगळं माहितीये. सकाळी डबासुद्धा तेच भरून देतात."

"डबा भरून देतो?" मावशीचा आवाज चिरकला. "अगो, तुला धनेशच कनाला पायजे? दुसरा कोन गावला नाय?"

"दुसरे सगळे झाले हो! खंड्या झाला, राघू झाला, सुतार झाला. शिंपी तर आमच्या बाल्कनीतच असतो. आणि दयाळ रोज सकाळी बेडरूमच्या खिडकीत येतो. धनेश तेवढा राहिलाय!"

हे सगळे पक्षी आहेत हो! खंड्या, राघू, सुतार, शिंपी, दयाळ, कुठलंही पक्ष्यांचं पुस्तक उघडून बघा! पण मावशीने ते कुठे उघडलं होतं? तिने पदर तोंडाला लावला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "चल. दावते तुला धनेश."

गाडी तिथेच लावली, कॅमेरा गळ्यात घातला आणि निघाले तिच्या मागे, वाकून, चोरपावलांनी. मागे वळून बघते तर पंचवीस-तीस माणसं! एवढी वरात बघून कुठला पक्षी थांबेल? मी चिडून स्कार्फवरूनच ओठांवर बोट ठेवलं, "शूऽऽ! हळू चला! पळून जाईल तो!"

"पलतो कुठं? पाय मोडीन त्याचे," मावशी म्हणाली.

एका घराच्या अंगणात आलो. तिशीचा एक माणूस दोरीवर बाळाची दुपटी वाळत घालत होता. दारात त्याची बायको उभी, कानाला रुमाल बांधलेली, कुशीत तान्हं, रडून रडून डोळे लाल. पायाशी भरलेली बॅग.

"ह्यो बघ," मावशी गरजली. "ह्यो माजा पोरगा. धनेश!"

मी त्या माणसाकडे बघितलं. मग त्याच्या मागच्या आंब्यावर बघितलं. मग परत त्याच्याकडे. आणि तोंडून निघून गेलं, "अहो, पण हा तर माणूस आहे!"

"मंग तुला काय पायजे होता?"

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पुलापासून आत्तापर्यंत मी काय काय बोलले ते एकेक वाक्य आठवायला लागलं.  तो धनेश बिचारा दुपटं हातात धरून ओरडत होता, "मी ओलखत नाय हो ह्या बाईला! पोरीच्या गल्याशपथ!"

"ओलखत नाय?" बायको हुंदके देत म्हणाली. "मी आत अडकलेय ते तिला ठावूक! पोरगी झाली ते ठावूक! मुडदुशे आनलेस ते बी ठावूक! मी चालले माझ्या आईकडं!"

मी पुस्तक काढलं. धनेशचं चित्र दाखवलं. सगळ्यांनी माना पुढे काढून बघितलं. एकजण म्हणाला, "ह्यो पक्षी हाय हितं. पन ह्याचं नाव धनेश कुनी ठेवलं?" आता ते मी ठेवलंय का? शाळेचं ओळखपत्र दाखवलं. "मास्तरीन हाय नि असले धंदे!" मागून आवाज आला.

म्हटलं, थांबा, आमच्या ह्यांनाच फोन लावते. स्पीकर चालू केला. "अहो, ह्या लोकांना जरा सांगा, मी इथे कशासाठी आलेय?"

आमचे हे सोफ्यावर लोळत पडलेले असणार. जांभई देत म्हणाले, "धनेशसाठी. दुसरं काय? दोन महिने घरात धनेशशिवाय विषय नाही. झोपेत पण त्याचंच नाव घेतेस. सापडला का एकदाचा?"

पुढे काय झालं असेल ते ओळखा! बायकोने गळा काढला, तान्ह्याने गळा काढला, धनेश मटकन पायरीवर बसला. कोणीतरी तिच्या भावाला फोन लावला. तिने बॅग उचलली! आणि मला खरंच रडू यायला लागलं हो. पंधरा दिवसांच्या लेकराला घेऊन ही पोर उन्हातून निघणार, ती माझ्या मूर्खपणामुळे!

धुळीसाठी सकाळपासून मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर टोपी. घामाने आणि रडण्याने गुदमरायला झालं, तसं मी ते सगळं एका झटक्यात काढलं आणि तिच्यासमोर जाऊन हात जोडले. "बाळा, माझ्याकडे बघ गं. खोटं वाटतंय का तुला?"



तिने माझ्याकडे बघितलं. धुळीने माखलेलं तोंड, मेंदी उतरलेले केस, गॉगलच्या आतला, नाकावर घसरलेला नंबरचा चष्मा. दोन सेकंद, हो, मोजून दोनच सेकंद! मग तिने डोळे पुसले, बॅग खाली ठेवली आणि सासूला म्हणाली, "आई, च्या ठेवा. आजी उन्हातून आल्यात."

आजी! एकोणपन्नास पूर्ण नाहीत मला!

आणि तो धनेश! ताडकन उठला, दोन्ही हात माझ्या तोंडाकडे करून बायकोला म्हणाला, "बघ! बघ ना तूच! आता तरी पटलं?" आणि पटलं हो सगळ्यांना! भावाला 'येऊ नको' म्हणून फोन गेला, मागची माणसं हसत हसत पांगली, मावशी 'मापी कर गो माजे बाय' म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

मी मुकाट्याने चहा प्यायले. संसार वाचला, फार बरं झालं, देवाची कृपा! पण मेल्यांनो, पुस्तकावर, ओळखपत्रावर कोणी विश्वास ठेवला नाहीत, तर मग माझ्या थोबाडावर निदान पाच मिनिटं तरी संशय घ्यायचात की नाही?