थांबलेल्या गाडीचा गुन्हा

कोलशेतच्या तरे मंडळींकडे गाड्यांना कधी तोटा नव्हता. भावना लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासरे परशुराम तरे मिठागराचे शेवटचे वाफे सांभाळत होते. पुढे मिठागर गेलं, खाडीकडची शेतं बिल्डरकडे गेली, सासरेही गेले, आणि कौलारू घराच्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली. खाली नवऱ्याची, म्हणजे कमलेशची काळी मोठी गाडी, तिच्या शेजारी दिराची पांढरी. पण गाडी ही पुरुषांनी चालवायची. बायकांनी मागच्या सीटवर मांडीवर पिशव्या घेऊन बसायचं, आणि कधी निघायचं ते विचारायचं नाही.

भावनाचं माहेर शहाडचं. तिची आई शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा एका रविवारी सकाळी भावाचा फोन आला, "ताई, आईचं काही खरं नाही, लगेच ये." कमलेश खाली जागेच्या बोलण्यासाठी दोघातिघांना घेऊन बसला होता. "अर्ध्या तासात निघू," म्हणाला. मग त्या लोकांना चहा झाला, पुन्हा बोलणं झालं, त्यांना नाष्टा झाला. भावना साडी नेसून, पर्स घेऊन जिन्यात उभी. ती शहाडला पोचली तेव्हा अंगणात बांबू आणि मडकं येऊन पडलं होतं.

त्यावर ती रडली तेवढी रडली, पण नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. महिन्याभराने तिने ढोकाळीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय सत्तेचाळीस. शिकवणारी उत्तरा नावाची बाई होती, तोंडाने फटकळ, हाताने शांत. घरात सगळे हसले. मुलगा हर्षित म्हणाला, "मम्मी, तू रिक्षात बसतेस तेव्हा पण डोळे मिटतेस." भावना पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास झाली. हर्षितसाठी कॉलेजला असताना घेतलेली एक छोटी निळी गाडी ताडपत्रीखाली पडून होती. मित्रांसमोर लाज वाटते म्हणून तो ती वापरत नव्हता. भावनाने ताडपत्री काढली, गाडी धुतली, आणि चालवायला लागली.

तीन वर्षं तिने ती गाडी चालवली, कुठे ओरखडासुद्धा नाही. गल्लीतल्या बायकांना तिची सवय झाली. कुणाच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, कुणाला बहिणीकडे बाळंतविडा पोचवायचा होता, की "भावना हाय का घरी?" आईच्या वर्षश्राद्धाला ती शहाडला सर्वांच्या आधी पोचली. सासू सगुणाबाईंनी आधी तोंड वाकडं केलं होतं, पण गुडघे दुखायला लागल्यावर त्याही पुढच्या सीटवर बसायला लागल्या आणि वाटेत दिसेल त्याला हात करायला लागल्या.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ती सासूला कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. डॉक्टर म्हणाले, आजी, आता सुईत दोरा ओवाल. दोघी खुशीत परत निघाल्या. माजिवड्याला पुलाखालचा सिग्नल लाल झाला, पुढे टेम्पो थांबला, भावना थांबली. न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला. उत्तराची ती शिकवणच होती. सासू डॉक्टरांच्या कौतुकाबद्दल काहीतरी सांगत होत्या, आणि तेवढ्यात मागून असा दणका बसला की भावनाचं डोकं मागे जाऊन पुढे आलं आणि निळी गाडी टेम्पोच्या मागे जाऊन टेकली.

पहिले काही क्षण तिला काहीच ऐकू येईना. मग तिने सासूकडे पाहिलं.

"आई, लागलं का कुठं?"

"मना नाय, बाय. तुना?"

"नाही."

डोक्यात उत्तराचा आवाज चालू होता. मागून कुणी ठोकलं तर घाबरून गाडी हलवू नको. दोन्ही इंडिकेटर लाव. खाली उतर, फोटो काढ, त्याचा नंबर घे, नाव घे. आणि कुणी रस्त्यातच मिटवून टाकू म्हणालं तर हो म्हणू नको. भावनाने तसंच केलं. डिकी आत दबली होती, मागची काच फुटून सीटवर पसरली होती. मागच्या चकचकीत गाडीतून पंचविशीतला एक मुलगा उतरला. गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात फोन, फोनचा पडदा अजून उजळलेला.

"सॉरी काकू, एक्स्ट्रीमली सॉरी. माझं लक्षच नव्हतं."

शौनक त्याचं नाव. चेहरा पांढराफटक पडलेला. भावनाला त्याची दयाच आली. "राहू दे. लागलं नाही ना तुला?" तिने विचारलं.

मग तो बाजूला जाऊन वडिलांशी फोनवर बोलला. तोवर लोक जमले, वाहतुकीचा हवालदार आला, आणि फोन ठेवून परतलेला शौनक वेगळाच होता.

"काकू, तुमची गाडी मागे आली. इथे चढ आहे."

भावना बघतच राहिली. पण सगुणाबाई गाडीचं दार उघडून, गुडघे धरत खाली उतरल्या, आणि भर सिग्नलला त्यांनी आवाज लावला. "ए पोरा! गारी उबी होती आमची! फोनान तोंड घालून गारी चालवतंस आन वर खोटा बोलतंस? मघा सॉरी कोन बोलला, तुजा बाप?"

लोक हसले. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. हवालदार कुंडलिक वयस्क माणूस होता. त्याने आधी भावनाला विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

"साहेब कुठायत?"

"साहेब नाहीत. मीच चालवत होते."

त्याने तिच्याकडे एकदा, गाडीकडे एकदा पाहिलं. पण माणूस सरळ होता. सपाट रस्ता, दबलेली डिकी, टेम्पोवाल्याचं म्हणणं, सगळं पाहून तो शौनकला म्हणाला, "मागे यायला ही गाडी काय उडी मारून आली का रे?" चौकीत भावनाने झालं तसं लिहून दिलं आणि सही केली. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी सरकारी कागदावर तिने नवऱ्याला न विचारता सही केली होती. घरी येईपर्यंत तिला भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून डोकं उचलता येईना. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, गळ्यात पट्टा दिला. असल्या धक्क्याचं दुखणं एक दिवस उशिराच कळतं, म्हणाले, आणि धक्का कसा बसला ते लिहून घेतलं. संध्याकाळी कमलेश खाटेशेजारी बसला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, शाबास म्हणाला. मग विचारलं, "त्या पोराचं नाव काय?"

"शौनक. शौनक देवस्थळी."

"बापाचं?"

"प्रभाकर असं काहीतरी लिहिलं त्याने."

कमलेश उठून गॅलरीत गेला.

प्रभाकर देवस्थळी डोंबिवलीचे आर्किटेक्ट. तऱ्यांच्या उरलेल्या एकाच मोठ्या तुकड्याचा नकाशा त्यांच्या टेबलावर होता, आणि ज्या डेव्हलपरबरोबर कमलेशचं बोलणं चाललं होतं तो देवस्थळींच्या शब्दाबाहेर नाही, असं सगळे म्हणत. दोन दिवसांनी ते स्वतः घरी आले, हातात मिठाईचा पुडा, बोलणं अगदी मऊ.

"वहिनी, आधी तुमची मान कशी आहे ते सांगा. मला फार वाईट वाटलं. शौनकला मी चांगलाच फैलावर घेतला आहे."

भावनाला बरं वाटलं. "चूक होते हो मुलांकडून," ती म्हणाली.

"तुमचं मन मोठं आहे. खर्चाचं सगळं आम्ही बघू. एकच अडचण आहे. तो पुढच्या महिन्यात शिकायला बाहेर चालला आहे, व्हिसा व्हायचा आहे. अशा वेळी पोलिसांत नाव नको. नुसती तक्रार मागे घेतली तरी नोंद राहते. तुम्ही जर असं लिहून दिलंत, की चढावर तुमची गाडी जराशी मागे आली असावी, तर विषयच संपतो. तांत्रिक बाब आहे हो. कुणी तुम्हाला दोष देणार नाही."

"पण मी हँडब्रेक लावला होता," भावना म्हणाली.

देवस्थळी हसले आणि कमलेशकडे पाहिलं.

ते गेल्यावर कमलेश आवाज न चढवता बोलला. "एवढं मोठं काम अडलंय. हर्षितचं पुढचं सगळं त्याच्यावर आहे. तुला फाशी होणारे का? एक ओळ तर लिहायचीय."

"अहो, ते खोटं आहे. आई होत्या की माझ्या बाजूला. आई, तुम्ही सांगा."

सगुणाबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला. लेकाकडे पाहिलं नाही, सुनेकडे तर नाहीच नाही.

"लिवून दे, बाय. घराचा काम हाय." आणि थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, "मना तरी कुठं धड दिसतंय? ऑपरेशन झायला ना माजा."

भावना त्यांच्याकडे किती तरी वेळ बघत राहिली. मानेला पट्टा असल्यामुळे सगळं अंग वळवून बघावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी कमलेश तिला काळ्या गाडीतून चौकीवर घेऊन गेला. कुंडलिक हवालदाराने नवा जबाब वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ताई, नक्की ना?" कमलेशच म्हणाला, "नक्की, नक्की." भावनाने सही केली.

आपण घरच्या कामासाठी खोटं बोललो, निदान घरात तरी खरं काय ते माहीत आहे, अशी तिची समजूत होती. ती समजूत फार टिकली नाही. कमलेशला ही गोष्ट सांगायची चटक लागली. आधी बाहेरच्यांना, मग नातेवाइकांना, मग तिच्यासमोरच. "बाईसाहेबांनी माजिवड्याला गाडी अशी मागे घेतली, अशी मागे घेतली, की त्या पोराच्या बॉनेटवरच जाऊन बसल्या!" लोक हसायचे. पहिल्यांदा भावनाही थोडी हसली. आपला माणूस बाहेर सांभाळून घेतोय असं तिला वाटलं. एकदा जेवताना हर्षित म्हणाला, "मम्मी, चढावर हाफ क्लच जमत नाही तुला, आपण प्रॅक्टिस करायला पाहिजे होती."

"हर्षित, तुला माहितीये ना काय झालं होतं ते?"

"हां, माहितीये गं. पण तूच लिहून दिलंयस ना."

निळी गाडी दुरुस्त होऊन गॅरेजमधून परत आलीच नाही. तिथूनच कमलेशने ती शहाडच्या एका ओळखीच्याला विकून टाकली. "तुझ्या मानेच्या भल्यासाठीच," म्हणाला. पट्टा निघाला तरी मान उजवीकडे पुरती वळत नव्हती, आणि न वळणाऱ्या मानेने गाडी चालवायची नसते हे तिलाही कळत होतं, म्हणून ती गप्प बसली. गल्लीतल्या बायका येईनाशा झाल्या. एकीने वाटेत थांबवून हळूच म्हटलं, "बरंच झालं भावना, आम्ही बसत होतो तेव्हा काही झालं नाही. देवाची कृपाच."

दिवाळीच्या सुमाराला डेव्हलपरने आपला आर्किटेक्ट बदलला. देवस्थळींचा नकाशा बाजूला पडला, नव्या माणसाने सगळं पहिल्यापासून काढलं, आणि कमलेश देवस्थळींना शिव्या देत घरभर फिरला. शौनक कधीच बाहेर गेला होता.

"मग आता मी खरं ते सांगू का चौकीत?" भावनाने विचारलं.

"काय जुनं उकरून काढतेस," कमलेश म्हणाला. "कुणाला पडलीये त्याची?"

तिसऱ्या दिवशी दुपारी भावना रिक्षा करून माजिवड्याला गेली. कुंडलिक हवालदाराने तिला ओळखलं, बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"मला ठाऊक होतं ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी गाडी बघूनच कळलं होतं. पण दोन्ही जबाब तुमचे. दोन्हींवर सही तुमची. आता तिसरा दिलात तर लोक विचारतील, बाई खरं केव्हा बोलते?"

"मग काहीच नाही होणार?"

त्याने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. "घरी सगळे बरे आहेत ना?" त्याने विचारलं.

ती घरी पोचायच्या आत कमलेशला कुणीतरी फोन करून कळवलं होतं. तो दारातच उभा होता.

"माझी नाचक्की करायला गेलीस?"

"माझी चूक नव्हती एवढंच सांगायला गेले होते."

"कुणाला सांगायचंय तुला? सगळ्यांना माहितीये गं ते!"

तो हे चिडून, पण अगदी सहज बोलून गेला. आतल्या खोलीतून सगुणाबाईंच्या जपमाळेचा आवाज येत होता, तो थांबला आणि परत सुरू झाला. भावना दारातच, चपला पायात ठेवून उभी राहिली. इतके महिने तिला वाटत होतं की सांगून सांगून यांना आता तेच खरं वाटायला लागलं असेल. तसं असतं तर तिने सहनही केलं असतं.

"माहितीये?" ती म्हणाली. "मग हसत कशाला होतात?"

कमलेशने टीव्ही लावला आणि आवाज मोठा केला.

त्यानंतर भावना घरातल्या कुठल्याच गाडीत बसली नाही. शहाडला भावाकडे जाते ती बसने, लग्नकार्याला जाते ती रिक्षाने, सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या नंतर. मान अजून उजवीकडे वळत नाही. कुणी विचारलंच, वहिनी गाडीत का नाही आल्या, तर कमलेश सांगतो, अपघातापासून तिच्या मनात गाडीची भीती बसलीये. भावना शेजारीच उभी असते, ऐकत असते.