सिंधुबाईंच्या खोलीतली ऊब

इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या त्या रस्त्यावर सगळ्यांत थंड घर दादासाहेब वानखडे यांचं, असं विहारातली माणसं म्हणायची, आणि दादासाहेबांना त्याचा अभिमान होता. तीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या बॉयलरघरात काढली होती. कोणता पाइप कुठं तापतो, कुठं रडतो, हे त्यांना नुसता तळहात लावून कळे. घर घेतलं त्या वर्षी त्यांनी हीटिंगचा काटा अठरावर आणला, तो कायमचा. "अठरा अंश माणसाला पुरतात," हे त्यांचं वाक्य सगळ्या गोतावळ्याला पाठ होतं.

अकोल्याच्या उन्हात वाढलेल्या सिंधुबाई पहिले काही हिवाळे म्हणाल्या, अहो, माझ्या खोलीपुरतं तरी वाढवा, हाडं वाजतात. दादासाहेब म्हणाले, स्वेटर घाल. मग त्यांनी मागणं सोडलं. नवऱ्याच्या रात्रपाळ्यांमुळं दोघांच्या खोल्या वेगळ्या झाल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. पलंगावर पाठ धरते म्हणून सिंधुबाई लाकडी जमिनीवरच निजत. तीन जाड गोधड्यांचं त्यांचं अंथरूण दिवसाही पसरलेलं असे.

जानेवारीत त्या गेल्या. त्या दिवशी सकाळी नऊला दादासाहेब चहा घेऊन आत गेले होते. सिंधुबाई भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन निजलेल्या. त्यांनी पाठीला हात लावला, पाठ गरम होती. झोपू दे, म्हणून ते मागं फिरले. अकराला पुन्हा गेले. पाठ तेव्हाही गरमच, पण उशीवरचा हात बर्फासारखा. डॉक्टर म्हणाले, पहाटेच्या आधीच गेल्यात. पण मग नऊला आपण कोणाच्या पाठीला हात लावला, हा प्रश्न दादासाहेबांच्या मनातून हलेना.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मुलगी धम्मशीला, सात महिन्यांची पोटुशी, आईचं अंथरूण गोळा करून मिल्टन कीन्सला घेऊन गेली. जाताना, बाबा एकटे आहेत म्हणून, हीटिंग दिवसभर चालू राहील असं तिनं आपल्या फोनवरून लावून ठेवलं.

त्यानंतर ती खोली तापायला लागली.

बाकीचं घर अठरावर आणि ती खोली सत्तावीसवर. हवा अशी कोरडी की ओठ फुटत. सिंधुबाईंच्या फोटोपुढं ठेवलेली फुलं दुसऱ्याच दिवशी कागद होत. वाटीतलं पाणी आटे. फळ्या सुकून मधूनच वाजत, कोणी कूस बदलावी तशा.

मार्चमध्ये धम्मशीला बाळंत झाली, मुलगी झाली, ईशिता. बाळंतीण माहेरी यायची तर खोली तीच एक मोकळी. तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं, "बाबा, बेबीची रूम सोळा ते वीसच हवी. हेल्थ व्हिजिटर नर्सनं दोनदा सांगितलंय. शनिवारपर्यंत नाही झालं तर टेन्शन घेऊ नका, मी सासूबाईंकडे जाईन."

दादासाहेबांना ते झोंबलं. आई नसली म्हणून लेकीला माहेर नाही, असं व्हायचं नव्हतं. त्यांनी रेडिएटरचा व्हॉल्व्ह बंद केला. फरक नाही. मग रेडिएटरच उतरवून मागच्या अंगणात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी उघड्या भिंतीपाशी थर्मामीटरचा काटा सत्तावीसच दाखवत होता.

बुधवारी विहारात रेखाताई हळूच म्हणाल्या, "दादासाहेब, सिंधुताईंचा जीव त्या खोलीत असेल. परित्राण पाठ करून घ्या."

"जन्मभर भुतांविरुद्ध भाषणं दिली मी," दादासाहेब म्हणाले. "असेलच भूत, तर त्याला म्हणावं, अठरावर राहा."

सगळे हसले. दादासाहेबही हसले. पण परतताना बसमध्ये त्यांना आपलंच वाक्य पुन्हा ऐकू आलं. अठरावर राहा, हेच ते एका जित्या बाईला चाळीस वर्षं सांगत आले होते.

गुरुवारी दुपारी त्यांनी मोजे काढले आणि अनवाणी त्या खोलीत फिरले. दाराशी फळ्या गार. भिंतीजवळ तळव्याला ऊब लागली. ते गुडघ्यांवर बसले, तळहात सरकवत गेले आणि जिथं ऊब संपे तिथं खडूनं रेघ ओढत गेले. ऊब सरळ खाली आली, मध्यावर भिंतीकडं वळली, मग पुन्हा खाली. रेघ पुरी झाल्यावर ते उठले आणि त्यांनी वरून पाहिलं.

भिंतीकडं तोंड केलेलं, गुडघे पोटाशी घेतलेलं एक माणूस जमिनीवर निजलं होतं.

दादासाहेब स्वयंपाकघरात जाऊन बसले. मग हत्यारांची पेटी घेऊन परत आले.

त्या जागी त्यांनीच पूर्वी पाइपांसाठी स्क्रूचं झाकण केलं होतं. फळ्या उचलल्या. खाली बॉयलरकडून मोरीकडं वळणारे दोन पाइप उघडेवाघडे तापत पडले होते. घर घेतलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं त्यांना बॉयलरघरातला, लोकर दाबून केलेला जाड राखाडी नमदा गुंडाळला होता. आता तो माणसाच्या लांबीइतका कापून नेलेला होता. दोन्ही बाजूंच्या कापलेल्या कडा उसवू नयेत म्हणून लाल दोऱ्यानं बारीक शिवलेल्या होत्या.

तो धावदोरा त्यांच्या ओळखीचा होता. ते उठून आपल्या खोलीत गेले. पलंगावर त्यांची गोधडी होती, रात्रपाळीहून गारठून येतात म्हणून सिंधुबाईंनी शिवलेली, वासरासारखी जड. तिची एक कड त्यांनी ब्लेडनं उसवली. लुगड्याच्या दोन थरांच्या मधून राखाडी नमदा बाहेर आला.

अठरा अंश माणसाला कसे पुरत होते, ते दादासाहेबांना आता कळलं. त्यांचा नमदा काढून सिंधुबाईंनी त्यांच्याच अंगावर घातला होता आणि उघड्या पाइपांवर स्वतःचं अंथरूण पसरलं होतं. ते अंथरूण गेलं, हीटिंग दिवसभर चालू राहिलं, आणि ऊब खोलीभर पसरली. त्या सकाळी पाठ गरम होती, ती पाइपांनी. नऊला ते प्रेताजवळूनच चहा परत घेऊन आले होते. भूत निघालं असतं, तर बरं झालं असतं.

शुक्रवारी त्यांनी गोधडी पुरी उसवली, नमदा पाइपांना गुंडाळला, फळ्या बसवल्या, खडू पुसला. शनिवारी थर्मामीटरचा काटा एकोणिसावर होता आणि वाटीतलं पाणी जागच्या जागी होतं.

धम्मशीला आली. ईशिताला तिथं निजवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "एकदम परफेक्ट झालीय रूम. काय होतं, बाबा?"

"पाइपांवरचा नमदा गेला होता."

"कुठे गेला होता?"

"घरातच होता," दादासाहेब म्हणाले. "माझ्या अंगावर."

तिला कळलं नाही. जेवणानंतर ते आपल्या खोलीत आडवे झाले. गोधडीत आता नुसती लुगडी उरली होती. थंडी आधी पायांत शिरली, मग पाठीत. हाडं खरंच वाजतात, हे त्यांना आज कळत होतं. हीटिंगचा काटा वाढवायला मात्र ते उठले नाहीत. हळूहळू ते कुशीवर वळले, तोंड भिंतीकडं झालं, गुडघे पोटाशी आले, आणि आपण कुठल्या रेघेच्या आत निजलो आहोत, हे लक्षात येऊनही त्यांनी अंग सरळ केलं नाही.