गळीत संपल्यावरचे सर्व्हर

हे मी यंदापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

साखर कारखान्याचा संगणक विभाग माझ्याकडे होता. सहा मोठे सर्व्हर मीच हट्टानं मागवलेले. ऊसनोंद, वजनकाटा, तोडीच्या चिठ्ठ्या, एवढ्यालाच ते लागत. गळीत संपलं की पाडव्यापासून दिवाळीपर्यंत गार खोलीत नुसते चालू. दर महिन्याला संचालकांपुढं वापराचा आलेख ठेवायचा असे. तो सपाट दिसला तर विचारणार, एवढे घेतले कशाला? म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. आकडे गुणायचे आणि उत्तर टाकून द्यायचं, दिवसभर तेच. आलेख उंच झाला.

एका उन्हाळ्यात विश्रामबागच्या कॉलेजातल्या प्राध्यापिका आल्या. कृष्णा किती वाढली तर कुठल्या गल्लीत किती पाणी शिरेल, याची गणितं त्या करत होत्या. त्यांच्या संगणकाला एकेका गावासाठी आठवडे लागत.

"हंगाम नसताना तुमची यंत्रं मोकळी असतील ना? तेवढीच द्या."

मी आलेख पुढं सरकवला. "बघा मॅडम, जागाच नाही."

त्यांनी तो नीट पाहिला, आभार मानले आणि गेल्या.

मी खंडाळ्याकडचा, नदीपासून लांबचा. नदीची भीती मला अंगानं ठाऊक नव्हती. त्या पावसाळ्यात पाणी चढलं, तेव्हा कारखान्यापलीकडच्या गावाचं गणित व्हायचं राहिलेलं होतं. लोकांनी उंच समजून जनावरं शाळेच्या आवारात बांधली. पाणी पहिल्यांदा तिथंच शिरलं. माणसं वाचली. कारखान्याच्या ट्रॅक्टरवरून मी मदतीला गेलो, तर एक बाई तुटकं दावं हातात घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "आवं, साळंत पाणी येतंय ह्ये कुणाला ठावं हुतं?"

मी त्यांच्या हातात बिस्किटांचे पुडे दिले.

त्यानंतर दोन हंगाम गप्प राहिलो. यंदा गळीत संपलं त्याच दिवशी प्रोग्राम पुसला आणि महिनाअखेरीस सपाट आलेख घेऊन कारखान्याच्या अध्यक्षांकडं गेलो. ते फौजेतून निवृत्त झालेले.

"ह्यो एकदम झोपला कसा रं?"

"तो कधी जागाच नव्हता, आबा." मग प्रोग्राम, मॅडम, शाळा, सगळं सांगितलं.

त्यांनी आलेख उलटा करून टेबलावर ठेवला. "फौजेत सायेब यायचा म्हटलं की आमी बी उगाच खड्डं खणायचो. पर गड्या, आमच्या खड्ड्यात कुणाची म्हस न्हाई बुडाली."

"दिवाळीपर्यंत मशिनी मॅडमना द्यायच्या आहेत."

"दे. पर बोर्डापुढं तूच बोलायचं. मी तुज्यासाठी तोंड उघडणार न्हाई."

बोललो. विभागप्रमुखपद गेलं. मशिनी मात्र मिळाल्या.

विश्रामबागला जाऊन मॅडमनाही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "ते गाव आधी घेऊ."

चौथ्या दिवशी नकाशा निघाला. शाळा पूर्ण निळी. पाण्याच्या टाकीजवळचा माळ कोरडा. रविवारी ग्रामसभा आहे. मॅडम म्हणाल्या, नकाशा मी समजावते. समजावू देत. पण तो इतका उशिरा का आला, हे त्याआधी उभं राहून मी सांगणार आहे.