उतारावर मागे साहेब

सीट खाली घ्या, असं मी भूषण सरांना तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, "मॅडम, मी रोज सकाळी सायकल चालवतो. माझी हाइट सेट केलेली आहे."

सेट होती, पण डांबरी रस्त्यासाठी. रस्त्यावर सीट उंच लागते, म्हणजे पाय ताणला जातो आणि पेडलवर जोर येतो. डोंगराच्या उतारावर तीच सीट घात करते. तिथे अंग मागे न्यायचं असतं. सीट उंच असली की मागे जायला जागाच उरत नाही आणि चाक अडलं की माणूस हँडलवरून पुढे पडतो. हे सगळं मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि सीट होती तिथेच ठेवली.

मी माउंटन बाइकिंग शिकवते. हे सांगितलं की पुण्यातले निम्मे लोक विचारतात, मोटरसायकल कोणती? मग सांगावं लागतं की सायकल, जाड टायरची, डोंगरातल्या पायवाटांवर चालवायची. पूर्वी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते. सुट्टीच्या दिवशी कर्वेनगरहून टेकड्यांवर जाता जाता हाच व्यवसाय झाला. जे शिकवते ते बहुतेक बरोबरच्या रायडर्सकडून उचललेलं आहे. माझी एक डेंटिस्ट मैत्रीण आहे. मी टायर दगडासारखे टणक करून आले होते आणि मुरमावर घसरत होते. तिने काही न विचारता व्हॉल्व्ह दाबून निम्मी हवा सोडून दिली. मऊ टायर जमिनीला धरतो, हे मला तेव्हा कळलं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका मागून ओरडायचे, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. ब्रेकवर एकच बोट ठेवायचं, हेही त्यांचंच. सगळी बोटं ठेवली की घाबरल्यावर माणूस मूठ आवळतो आणि चाक जागच्या जागी अडकतं. आणि ज्या दगडाची भीती वाटते त्याच्याकडे बघायचं नाही, शेजारच्या वाटेकडे बघायचं. सायकल नजर जाईल तिकडे जाते.

या सगळ्यांच्या वरची एक गोष्ट प्रत्येकाने सांगितली आहे. नको वाटलं तर उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं. कुणी हसत नाही. निदान आमच्यात तरी नाही.

त्या दिवशीचं काम कौस्तुभमुळे आलं होतं. तो कंपन्यांसाठी आउटिंग भरवतो. हडपसरच्या एका आयटी कंपनीची टीम होती, सासवडच्या बाजूची टेकडी होती आणि भूषण सर टीमचे मॅनेजर होते. सपाट मैदानावर सगळ्यांचा सराव घ्यायचा, मगच वर न्यायचं, असं माझं कौस्तुभशी ठरलेलं होतं. सराव नीट सुरूही झाला नव्हता तेवढ्यात सरांनी त्याला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. कौस्तुभ म्हणाला, क्लायंट कंटाळलाय, जरा आटोपतं घ्या. मी जेवढा ताणता येईल तेवढा सराव ताणला.

टीममध्ये प्रणाली नावाची मुलगी होती. यवतमाळची, नोकरीसाठी पुण्यात आलेली. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता, हे तिने आल्या आल्या सांगितलं. मला असे लोक आवडतात. तिने सीट खाली घेतली, एक बोट ब्रेकवर ठेवलं, पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. चढही तिने धापा टाकत का होईना, पूर्ण केला.

वर एक अवघड उतार आहे. मोकळा मुरूम, मधोमध पाण्याने पडलेली घळ आणि खाली वळण. मी सगळ्यांना थांबवलं, स्वतः उतरून दाखवलं, परत वर आले. ज्यांना नको वाटतंय त्यांनी कडेच्या गवतातून चालत उतरा, असं स्पष्ट सांगितलं. प्रणाली लगेच सायकलवरून उतरून बाजूला झाली. बरोबर निर्णय होता. मी तसं सगळ्यांसमोर म्हटलंही.

तेव्हा भूषण सर बोलले. "प्रणाली, अप्रेझलमध्ये काय लिहू? ओनरशिप घेते, की चालत उतरते?"

सगळे हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. साहेब बोलले होते म्हणून हसले. प्रणालीही हसली, आणि सायकलवर बसायला लागली. मी तिचं हँडल धरलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, पुढच्या महिन्यात खरंच अप्रेझल आहे न." मी सरांना म्हटलं, ती चालत जाणार आहे आणि इथे माझं ऐकायचं. ते म्हणाले, अहो, गंमत केली, एवढं काय मनावर घेताय. मी तिला पुन्हा उतरवलं, गवतात उभं केलं आणि वळणावर जाऊन थांबले. शिकवणाऱ्याने अवघड जागी थांबायचं असतं, कारण माणसं तिथेच पडतात.

दोघं जण नीट उतरले. तिसरी आली ती प्रणाली. सायकलवर. आणि तिच्या मागे भूषण सर. मी वळणावर उभी असताना वर पुन्हा काय चाललं ते मला ऐकू आलं नव्हतं. आता ऐकू येत होतं. "ब्रेक नको, ब्रेक नको, सोड." हे ते मागून सांगत होते. मी खालून ओरडत होते की हळूहळू ब्रेक दाब. तिने एकाच वेळी दोघांचं ऐकायचा प्रयत्न केला आणि घळीपाशी घाबरून मूठ आवळली. पुढचं चाक अडकलं. ती खांद्यावर आपटली.

कॉलरबोन मोडलं होतं, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड. सर कसेबसे थांबले. पहिलं वाक्य त्यांनी काय म्हणावं? "मी सांगत होतो ब्रेक नको."

मला प्रचंड राग आला होता, पण आधी मी टीममधल्या एकीची ओढणी घेऊन तिचा हात गळ्यात बांधला. खालच्या शेतातले एक काका पिकअप घेऊन आले. "गाडी हाय ताई, बसवा पोरीला," एवढंच म्हणाले. हॉस्पिटलपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला प्रणाली मला सॉरी म्हणत होती. त्याने राग आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी कौस्तुभचा फोन आला. कंपनीने मीटिंग बोलावली होती. तो म्हणाला, तुम्ही फक्त सांगा की तिने इन्स्ट्रक्शन्स पाळल्या नाहीत. तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही, तुम्ही तिला चालायला सांगितलं होतं ना? क्लायंट मोठा आहे. मी विचारलं, आणि तिचं काय? तो म्हणाला, तिचा हात काय, जुळेल.

मीटिंगला एचआरच्या बाई होत्या, भूषण सर होते, कौस्तुभ होता आणि हात गळ्यात अडकवलेली प्रणाली होती. मुद्दा साधा होता. चूक तिची ठरली तर बरं होईपर्यंत रजा तिच्या खात्यातून जाणार आणि निष्काळजीपणाची नोंद होणार. सरांनी फार शांतपणे सांगितलं की सगळ्यांना ब्रीफिंग होतं आणि तिने स्वतः ठरवलं.

मी म्हटलं, "तिने चालत उतरायचं ठरवलं होतं. माझ्यासमोर यांनी ते बदलायला लावलं. आणि उतारावर मागून शिकवायला मी यांना नेमलं नव्हतं."

कौस्तुभ घसा खाकरत राहिला. सर म्हणाले, जोक होता, टीममध्ये असं चालतं. एचआरच्या बाईंनी प्रणालीला विचारलं. मला वाटलं, ही आता सॉरी म्हणणार. मग ती म्हणाली, "जोक असता तर मी बसलीच नसती. मॅडम खाली गेल्यावर सर म्हणाले, त्या गेल्या आता, चल. नाही म्हणायची हिंमत नव्हती माझ्यात. आता आहे."

भूषण सर पेनचं टोपण उघडत-मिटत बसले.

प्रणालीची रजा कंपनीने कामावरची दुखापत म्हणून धरली. नोंद झाली नाही आणि तिला दुसऱ्या टीममध्ये घेतलं. भूषण सरांचं काय झालं? ते आणखी मोठ्या टीमचे प्रमुख आहेत. कौस्तुभने मला काम देणं बंद केलं. मीही त्याला मागितलं नाही. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो घालवण्याची मला घाई नाही.

आता कंपन्या थेट माझ्याकडे येतात. मी एकच अट घालते. टीम एका दिवशी, साहेब दुसऱ्या दिवशी. काही जण नाराज होऊन कारण विचारतात. मी सांगते, पायवाट अरुंद असते.