बिनसाखरेची बैठक

हे बघा, ऐकायचं असंल तर हातातला कप आधी खाली ठेवा. मागं हाच किस्सा सांगताना आमच्या शाळेतल्या संगीताच्या बाईंच्या नाकातून चहा आला. नवी कोरी साडी गेली त्यांची. अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

ठेवला? हां.

मी असा काही घोळ घालून ठेवलाय म्हणता, की तमाम लातुरात आमच्या खानदानाचं नाव झालंय. कशासाठी झालंय, ते विचारू नका. म्हणजे विचारा, तेच तर सांगायले!

माझा धाकटा भाऊ दिगू. त्याचा पोरगा अमोल. बँकेत हाय, देखणा हाय, स्वभावानं गरीब हाय. फक्त तोंडातून शब्द निघत नाही. त्याला लातूरची मुलगी सांगून आली. वैष्णवी. फोटो पसंत, पत्रिका पसंत, पोरापोरीचं फोनवर बोलणंही झालेलं. (काय बोलले देव जाणे. अमोल फोनवर नुसतं होकाराचं 'हाव' म्हणतो.) आता फक्त बैठक करायची न् पक्कं करून यायचं. त्यात भावजयीचा गुडघा सुजला, गाडीत बसवेना. मग तिच्या जागी कोण? मी, शकूआत्या!

निघताना भावजयीनं माझ्यापुढं हात जोडले. "अक्का, पोरगी लई चांगली हाय. माणसं चांगली हायत. तुम्ही फक्त जावा, चहा प्या न् हाव म्हणून या. बाकी काही नका करू."

आता मला सांगा, चहा पिण्यात माणूस काय घोळ घालणार?

आमच्या गोदावरीकाठनं अहमदपूरच्या रस्त्यानं लातूरला निघालो. अमोल गाडी चालवायला. लग्नाच्या ओढीनं पोरानं अशी गाडी हाणली की लातूर वेळेच्या लई आधी आलं. मुलीकडं वेळेआधी जाऊन टपकायचं म्हणजे त्यांचा पसारा आवरताना बघायला गेल्यासारखं. म्हणलं, थांबू कुठंतरी जरासक. तर समोरच एक नवं दुकान. काचेच्या बरण्याच बरण्या, वर पाटी : 'नाना चवींचा चहा. आधी चाखा, मग घ्या.'

दिगू आत डोकावला न् म्हणला, "साधा दुधाचा हाय का? न्हाई? मग मी गाडीत झोपतो." गेला. अमोल एका कोपऱ्यात फोनच्या काचेत बघून भांग पाडत बसला. राहिले मी न् ती दुकानातली मुलगी.

"काकू, थोडं थोडं सगळंच चाखा," ती म्हणली.

आता एक गुपित सांगते. मी फोनवर एक व्हिडिओ बघितला होता. मोठमोठ्या मळ्यांत चहा चाखायची नोकरी असते म्हणं. चमच्यात चहा घ्यायचा, सुर्रर्रकन भुरका मारायचा, गालातल्या गालात इकडून तिकडं घोळवायचा, डोळे मिटायचे, न् मग काहीतरी भारी बोलायचं. बघितल्यापासून मला वाटायचं, ही नोकरी आपल्यासाठीच होती, चुकून गणित शिकवत बसलो!

पहिला आला लालभडक, जास्वंदीच्या जातीतल्या कुठल्या फुलाचा. सुर्रर्र. डोळे मिटले. "हं. अंबाडीची भाजी उकडून पाणी टाकून देतो आपण, त्याला चांगले दिवस आले की असं लागतं." मुलगी हसली. मला चेव आला.

गुलाब-वेलचीचा आला. "लग्नात अत्तर लावून आलेल्या मामानं गळामिठी मारल्यावाणी वाटायलंय." पिवळ्या फुलांचा आला. "कडब्याच्या गंजीवर पाऊस पडलाय न् आपण शेजारी उभं हाव." धुराच्या वासाचा एक आला. "हे आमच्या गावाकडच्या बंबातलं अंघोळीचं पाणी हाय, मी नक्की ओळखते." निळ्या गोकर्णाचा आला, त्यात तिनं लिंबू पिळलं तर जांभळा झाला! मी खुर्चीतनं उठलेच. "अगं बया, ही तर रंगपंचमी!" चवीला काहीच नव्हता बिचारा, नुसता दिसायला. आमच्या अमोलसारखा.

शेवटी तिनं एक हिरवट काढा पुढं केला. "काकू, हा जरा वेगळा हाय. ह्याच्यात…"

सुर्रर्रर्र!

पुढं ती काय म्हणली ते मला ऐकूच आलं नाही. माझ्याच भुरक्याचा आवाज तेवढा मोठा होता! कडूजहर हो. पण कडू म्हणजे गुणकारी, हे आमच्या आईनं लहानपणीच डोक्यात बसवलेलं. मग काय, जिभेच्या खाली, जिभेच्या वर, दाढांच्या मागं, सगळीकडं घोळवून घोळवून अख्खा पेला संपवला. बरोबर एक पुडाही बांधून घेतला. मुलगी माझ्याकडं जरा विचित्रच बघायली. मला वाटलं, आदरानं बघायलीय.

तिथनं थेट मुलीच्या घरी. जिना चढता चढता अमोलला दम दिला, "बैठकीत मोठी माणसं बोलायली की मधी तोंड घालायचं नाही. कळलं?"

"हाव."

मुलीचे वडील माधवराव. भरदार मिशी, इस्त्रीचा शर्ट. एका साखर कारखान्यात केमिस्ट. साखर तयार झाली की ती चांगली हाय का नाही, हे तपासणारा माणूस! बसल्या बसल्या त्यांनी साखरेचा दाणा कसा असावा, चकाकी कशी असावी, हे इतकं मनापासून सांगितलं की मी म्हणलं, ह्या माणसानं पोरगीसुद्धा चाळणीतनं चाळून वाढवली असंल.

वैष्णवी चहा घेऊन आली. गोड पोरगी. गोड कसली, त्या घरात तेवढीच एक गोष्ट मला गोड वाटली!

कारण मी घोट घेतला न् मेलेच. चहात साखरच नाही! नुसतं तुरट, कोमट काहीतरी.

मी हळूच, प्रेमानं म्हणले, "बाळा, गडबडीत साखर राहिली वाटतं."

"राहिली? सॉरी आत्या." पळत जाऊन साखरेचं भांडं आणलं. चमचाभर टाकली, हलवली. मी घोट घेतला. नाही.

"अजून टाक." टाकली. नाही. "अजून." परत टाकली. पोरगी आता भांड्याचा तळ बघायली. "आत्या… अजून?"

"टाक की, कारखान्यात काय कमी हाय का!" मी आपली गंमत केली. वातावरण हलकं व्हावं म्हणून! पण माधवरावांची मिशी जागच्या जागी थिजली.

तेवढ्यात मुलीच्या आई, सुमनताई, शिरा घेऊन आल्या. वर काजू, बदाम, तुपाची धार. घास घेतला, न् देवाशप्पथ सांगते, भिंतीला लावायची पुट्टी तोंडात घातल्यावाणी लागला. मी म्हणलं, अरे देवा, ह्या घरात साखर नावालाच दिसायलीय! पण दिगू? तो मिटक्या मारत शिरा खायला! मला वाटलं, माझा भाऊ बिचारा भिडेखातर खायलाय. आता ह्या घराची लाज राखायची का आपल्या पोराचं भलं बघायचं? मी ठरवलं, साक्षीदार काढायचा.

"अमोल, खरं सांग. साखर हाय का ह्या चहात?"

शाळेत हा माझ्याच वर्गात होता बरं. मी डोळे मोठे करून विचारलं, न् तो ताडकन उभा राहिला. "नाही, बाई!"

झालं! माधवराव उठले.

"बाई, मनात काही असंल तर सरळ बोला. असे आडून टोमणे नकोत. देण्याघेण्याचं आपलं आधीच ठरलंय, काहीच नाही म्हणून."

"आवं, देणंघेणं कुठनं आलं मधी? मी साखरेचं बोलायले!"

"मी बी साखरेचंच बोलायलोय! माझ्या घरात साखर न्हाई म्हणता?" आत गेले न् डबाच घेऊन आले. माझ्या तळहातावर चमचा उपडा केला. "खावा. आमच्यासमोर खावा."

मी टाकली तोंडात. करकर वाजली. चव शून्य. परत चावून बघितलं. शून्य!

मला त्या माणसाची इतकी दया आली म्हणता. मी अगदी मायेनं म्हणले, "भाऊ, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला कुणीतरी फसवलंय. ही रेती हाय."

दिगूच्या घशात काजू अडकला.

"रेती?"

"बारीक चाळलेली हाय, धुतलेली हाय. पण रेतीच."

"ही मी स्वतः तपासून पास केलीय!"

"मग तुम्ही रेती पास केलीय!"

पुढं काय सांगू? माधवराव दारात जाऊन ओरडले, "आहो, कुणाच्या घरी साखर हाय का?" शेजारणीची वाटी आली. रेती. वरच्या मजल्यावरची आली. रेती. गूळ आणला, तर ओली माती. कुणीतरी मध आणला, तो गाडीतलं ऑइल! वाटी घेऊन आलेलं माणूस काही परत जाईना. दारात ही गर्दी! जो तो चाखायला न् म्हणायला, "गोडच हाय की ओ!" एक आजोबा तर चाखता चाखता अर्धा गूळ खाऊन बसले.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढी माणसं खोटं बोलणार नाहीत. साखर बराबर हाय. मग काय बिघडलंय?

मी!

घाम फुटला हो मला. "दिगू! मला झटका आला रे! माझी जीभ गेली!"

आता माधवरावांचा राग कुठल्या कुठं पळाला. "गाडी काढा! दवाखान्यात न्या!" सुमनताई पदरानं वारा घालायल्या. कुणीतरी नाकाला फोडलेला कांदा लावला. दिगू माझे पाय चोळत रडायला, "अक्का, तुझ्याशिवाय माझं कोण हाय गं!" मी पण रडायले. शेवटचं बोलून घ्यावं म्हणून म्हणले, "पोरीला हाव म्हणा… पोरगी चांगली हाय… फक्त तिच्या बापाला साखर बदलायला सांगा…"

"थांबा सगळे!" वैष्णवी ओरडली. पोरगी फार्मसी शिकलेली. पुढं आली, माझ्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला. "काय लागायलंय?"

"खारट."

लिंबू पिळलं. "आंबट!" हिरवी मिरची. "आई गं!"

"फक्त गोडच लागत नाही? आत्या, इथं यायच्या आधी काय खाल्लं तुम्ही?"

"काही नाही गं. नुसता चहा…"

आणि तेव्हा, इतक्या वेळात पहिल्यांदा, अमोल एक पूर्ण वाक्य बोलला. "आत्यानं एक हिरवा काढा पिला. त्याच्यात गुडमारची पानं हायत, पिल्यावर तासभर गोड चव कळत नाही, असं ती दुकानातली मुलगी म्हणली होती."

सगळ्यांच्या माना अमोलकडं वळल्या.

"तुला माहीत होतं?" मी म्हणले.

"हाव."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुम्हीच म्हणला होतात, मधी तोंड घालू नको."

"अन् साखर नाही का म्हणलास?"

"तुम्ही डोळे मोठे केले की मला सगळंच नाही वाटतं."

वैष्णवी जी हसायला लागली ती भिंतीला टेकून खालीच बसली. हसता हसता सांगायली, की गुडमार म्हणजेच गोड मारणारी, शुगरवाले लोक घेतात तिला, जीभ आपोआप ठिकाणावर येती. दारातली गर्दी हसायली, सुमनताई पदर तोंडात कोंबून हसायल्या. न् दिगू? पाय चोळणं सोडून माझ्याकडं असा बघायला, की मला वाटलं, झटका आला असता तर बरं झालं असतं.

हसले नाहीत ते फक्त माधवराव. ते माझ्यासमोर येऊन बसले. "म्हणजे बाई, माझी साखर चांगली हाय?"

"चांगली हाय भाऊ."

"मोठ्यानं म्हणा. ह्यांच्यासमोर म्हणा."

"माधवरावांची साखर चांगली हाय!" मी वर्गात पाढे म्हणते तसं म्हणले. टाळ्या पडल्या.

तोंडाला कोरड पडली होती, म्हणून मी समोरचा थंड चहा उचलून ढोसला. न् नेमकी त्याच वेळी माझी जीभ परत आली! चहा कसला, पाक होता पाक! दाढा झणाणल्या, डोळ्यांतून पाणी आलं, गिळवेना न् थुंकवेना. "गोड!" मी किंचाळले. "गोड लागलं!"

"मग तोंड गोड झालंच म्हणायचं," माधवराव म्हणले न् शेवटी मिशीतल्या मिशीत हसले. वैष्णवीला विचारलं, "काय गं, तुझं काय?" तिनं अमोलकडं बघितलं. "मला पसंत हाय. ह्या घरात करमणुकीची कमी पडायची नाही."

अमोल म्हणला, "हाव."

साखरपुडा दणक्यात झाला. भावजयीचा गुडघा बरा झाला होता, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. पुडा फोडायच्या आधी माधवरावांनी माइक हातात घेतला. "मंडळी, पहिला चमचा शकूआत्यांना! त्यांनी पास केली तरच कार्यक्रम पुढं." अख्खा हॉल माना उंच करून बघायला. मी चाखली, मान डोलावली, न् जो कल्ला झाला म्हणता! नवरानवरीला मिळाल्या नाहीत एवढ्या टाळ्या मला.

म्हणलं, चला, संपलं. आता लोक विसरतील.

परवा वैष्णवीच्या मामाचा फोन आला. अगदी अदबीनं बोलले. "आत्याबाई, निलंग्याला घर बांधायला काढलंय. एक काम होतं तुमच्याकडं."

मला बरं वाटलं. म्हणलं, गणिताचा माणूस म्हणून हिशोबाचं काही विचारायचं असंल. "बोला की!"

"तुमच्याकडं गोदावरीची रेती लई भारी मिळती म्हणतात. मागवायची हाय. जरा चाखून सांगता का?"